बेरेन्सन काय म्हणतात?

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर 'चित्रकलेतली पारख' असा भारदस्त विषय छापलाय. एवढ्या मोठ्या विषयाला तासाभरात हात घालायची माझी छाती नाही. मी एका आडनावाबद्दल बोलणार आहे, बेरेन्सन. जुनं चित्र बघून ते कुणाच्या हातचं हे सांगणारा पारखी.

साधारण १९१० ते १९३५ या काळात अमेरिकेतल्या एखाद्या कोट्यधीशाकडे इटलीचं जुनं चित्र विकायला आलं, की तो आधी एकच गोष्ट विचारायचा, "बेरेन्सन काय म्हणतात?" चित्र कुठल्या चर्चमधून निघालं, मधल्या चारशे वर्षांत कुणाकुणाच्या भिंतीवर होतं, हे सगळं नंतर. बेरेन्सन 'हो' म्हणाले असतील तर चेकबुक बाहेर यायचं. नसतील म्हणाले, तर तेच चित्र, त्याच चौकटीत, त्याच उजेडात, एकदम पडेल किमतीचं व्हायचं. आपल्याकडे धंद्यावरून आडनावं पडली. नाणी पारखून मोजून घेणारा पोतदार झाला, सोन्याचांदीचा व्यवहार बघणारा सराफ झाला. इथे उलटं घडलं. आडनावावर एक अख्खा धंदा उभा राहिला.

बरं, ते आडनाव तरी बापजाद्यांचं होतं का? तेही नाही. बर्नार्ड बेरेन्सन यांचा जन्म १८६५चा, बुत्रिमोनिस नावाच्या गावातल्या ज्यू कुटुंबातला. हे गाव आज लिथुआनियात आहे. तेव्हा तो मुलूख रशियन साम्राज्यात होता. घराण्याचं नाव वाल्व्रोयेन्स्की. १८७५मध्ये मंडळी बोस्टनला आली आणि नव्या देशात नवं आडनाव घेऊन मोकळी झाली. वडील भांडी विकत दारोदार हिंडायचे. मुलगा हार्वर्डला शिकला, १८८७ साली पदवीधर झाला. मग इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर या बोस्टनमधल्या श्रीमंत, हौशी आणि हट्टी बाईंनी आणि आणखी काही हितचिंतकांनी पैसे घालून त्याला युरोप बघायला पाठवलं. खरं तर व्हायचं होतं साहित्यिक. चित्रांनी वाटेत गाठलं ते कायमचंच.

१८९० साली उत्तर इटलीतल्या बेर्गामो गावात एका कॅफेबाहेर, डुगडुगत्या टेबलाशी बसून, एन्रिको कोस्ता नावाच्या मित्राबरोबर त्यांनी जणू एक शपथ घेतली. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग सांगितलाय. आपण आयुष्यभर एकच काम करायचं, कुठल्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता. लोत्तो, कारियानी हे जुने इटालियन चित्रकार. लोत्तोचं म्हणून जे चित्र सांगितलं जातं ते खरोखर लोत्तोचंच आहे, कारियानीचं म्हणतात ते कारियानीचंच आहे, अशी खात्री होईपर्यंत थांबायचं नाही. 'मोबदल्याची अपेक्षा न ठेवता' हे शब्द तेवढे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता कुणी विचारेल, याची गरजच काय? चित्राखाली नाव नसतं का? नसतं हो. पंधराव्या-सोळाव्या शतकातली बहुतेक इटालियन चित्रं बिनसहीची. आणि सही असली तरी तिचा अर्थ सरळ नाही. जोवान्नी बेल्लीनीच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या चित्रावर बेल्लीनीचं नाव असे. प्रत्यक्षात हात कुणा शागिर्दाचा असू शकतो. तो त्या काळी रिवाजच होता, त्यात फसवणूक कुणाला वाटत नव्हती. वर शतकानुशतकांची दुरुस्ती, पुसापुशी, नवे थर. त्यात वारसदारांची हौस. घरातलं प्रत्येक बऱ्यापैकी चित्र व्हेनिसच्या थोर तिशिअनचं, प्रत्येक हसरी बाई लिओनार्दोची.

१८९५ साली लंडनच्या न्यू गॅलरीत व्हेनिसच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन सुरू होतं. इंग्लंडमधल्या उमरावांनी आपापल्या घरातली रत्नं पाठवली होती. तिशिअनच्या नावावर ३३ चित्रं. तिशी गाठणाऱ्या बेरेन्सननी एक छोटी पुस्तिका छापली आणि सांगितलं, यातलं एकच तिशिअनचं आहे. बाकीची ३२ इतरांची, कुठलं कुणाचं तेही त्यांनी लिहिलं. त्या लॉर्ड लोकांच्या घरी त्या रात्री जेवणं कशी झाली असतील, कल्पना करा. पण याच पुस्तिकेने नाव झालं. भीतीनेसुद्धा नाव होतं, आणि जरा टिकाऊ होतं.

ही हिंमत आली कुठून, हे समजायचं तर जोवान्नी मोरेल्लींकडे जावं लागेल. हा माणूस मला स्वतःला बेरेन्सनपेक्षा जास्त आवडतो, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे.

मोरेल्ली १८१६चे. शिक्षण जर्मनीत, वैद्यकीचं, शरीररचनाशास्त्रात मुरलेले. डॉक्टरकी कधी केली नाही. इटलीच्या एकीकरणाच्या लढ्यात उतरले, पुढे सिनेटर झाले. १८६१ साली सरकारच्या वतीने त्यांनी आणि काव्हालकासेल्ले या दुसऱ्या जाणकाराने मार्के आणि उंब्रिया हे प्रांत पालथे घातले आणि चर्च-मठांतल्या चित्रांची मोजदाद केली, कारण चित्रं देशाबाहेर चालली होती. मग १८७४पासून एका जर्मन कला-मासिकात लेख येऊ लागले. लेखक इव्हान लेर्मोलिएफ नावाचा रशियन, अनुवादक योहानेस श्वार्त्से. असा रशियनही नव्हता आणि असा अनुवादकही. 'मोरेल्ली'ची अक्षरं उलटसुलट करून शेवटी रशियन शेपूट लावलं की लेर्मोलिएफ! जर्मन प्राध्यापक आणि संग्रहालयांचे संचालक यांची खिल्ली उडवायची तर सिनेटरसाहेबांना मुखवटा बरा वाटला असावा.

त्यांचं म्हणणं असं. चित्रकार ज्या ठिकाणी जीव ओततो, म्हणजे चेहऱ्यावरचा भाव, एकूण मांडणी, नजरेत भरणारा रंग, तिथेच नक्कल करणाराही जीव ओततो. तिथे बघून उपयोग नाही. चित्रकाराचं जिथे लक्ष नसतं तिथे बघा. कानाची पाळी, नखं, अंगठ्याचा तळवा, वस्त्राच्या कोपऱ्यातली चुणी. हे तो सवयीने काढतो, तरुणपणी एकदा बसलेल्या वळणाने. फ्लॉरेन्सचा चित्रकार बोत्तिचेल्ली, त्याने काढलेले हात घ्या. हाडं दिसणारी बोटं, चौकोनी नखं आणि नखांभोवती ठसठशीत काळी रेघ. देवीचा हात असो की कुणा मातब्बर सावकाराचा, नखं तीच. मोरेल्लींच्या पुस्तकात पानंच्या पानं नुसते कान आणि हात रेखाटलेले आहेत, एकेका चित्रकाराचा एकेक. पोलिसांच्या नोंदवहीसारखं दिसतं ते. फ्रॉइडलाही ही युक्ती फार भावली, १९१४ सालच्या एका निबंधात त्याने मोरेल्लींचा आवर्जून उल्लेख केलाय. लक्ष नसताना माणूस खरा कळतो, हे त्याचंही भांडवल होतंच.

मोरेल्लींचा सर्वात गाजलेला पराक्रम ड्रेस्डेनचा. तिथल्या संग्रहालयात एक निद्रिस्त व्हीनस होती, म्हणजे त्या प्रेमदेवतेचं चित्र. उघड्या माळावर, टेकडीच्या उताराशी शरीराची रेषा जुळवून पहुडलेली. यादीत तिची नोंद होती 'तिशिअनच्या चित्रावरून सासोफेर्रातोने केलेली नक्कल, बहुधा'. म्हणजे नकलेचा दर्जा, तोही बहुधा. मोरेल्ली म्हणाले, ही जोर्जोनेची, त्याच्या स्वतःच्या हातची. जोर्जोने म्हणजे १५१० साली ऐन तारुण्यात गेलेला चित्रकार; त्याची निर्विवाद चित्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जग मोरेल्लींच्या बाजूने का झुकलं? नुसत्या नजरेमुळे नव्हे. व्हेनिसच्या मिकिएल नावाच्या एका रसिकाने १५२५ साली टिपण करून ठेवलं होतं की जेरोनिमो मार्चेल्लोच्या घरी जोर्जोनेने काढलेली, मोकळ्या निसर्गात झोपलेली नग्न व्हीनस आहे, तिच्याजवळ छोटा क्युपिड आहे, आणि निसर्ग व क्युपिड तिशिअनने पुरे केलेत. ड्रेस्डेनच्या चित्रात क्युपिड दिसत नव्हता. पण तो होता! खराब झाला म्हणून एकोणिसाव्या शतकात त्याच्यावर रंग चढवला गेला होता. नजर बरोबर निघाली, कारण कागदाने हात दिला. हे मी मुद्दाम सांगून ठेवतोय.

तरुण बेरेन्सन या मोरेल्लींना भेटले, त्यांची पद्धत घोटवून घेतली आणि मग जरा बाजूला ठेवली. कान आणि नखं ही त्यांच्या मते पडताळणीची साधनं. निवाडा त्याआधीच झालेला असतो. कसा? तुम्ही रेडिओ लावलाय, मध्येच कुठेतरी गाणं सुरू आहे, आणि दुसऱ्या आलापालाच तुम्ही म्हणता, "किशोरीताई." घराणं, सूर लावण्याची पद्धत, दम कुठे घेतला, हे सगळं सांगता येतं, पण नंतर. बेरेन्सनना चित्रांच्या बाबतीत ते होत असे, आणि शेकडो चित्रकारांच्या बाबतीत. याला दैवी देणगी म्हणायचा मोह होतो. त्यांनाही तो झाला, 'सहावं इंद्रिय' वगैरे शब्द त्यांनी वापरले. माझ्या मते यात देणगीपेक्षा पायपीट जास्त आहे. आगगाडी, घोडागाडी, खेचर, जे मिळेल त्यावरून डोंगरातल्या चर्चपर्यंत जायचं, मेणबत्ती धरून वेदीमागचं चित्र बघायचं, टिपण करायचं, फोटो मिळवायचा. पुन्हा दहा वर्षांनी तिथेच जायचं.

आणि या पायपिटीत ते एकटे नव्हते. मेरी, आधीच्या मेरी कॉस्टेलो, १९००पासून मेरी बेरेन्सन, त्यांच्या बरोबरीने हिंडत, बघत, वाद घालत. याद्या करणं, मजकूर नीट करणं, किती तरी वेळा पहिलं मत मांडणं, यात त्यांचा वाटा मोठा होता. पण शिक्क्यावर एकच नाव मावतं. मेरीबाईंचं मावलं नाही.

१८९४ ते १९०७ या काळात चार लहान पुस्तकं आली. व्हेनिस, फ्लॉरेन्स, मध्य इटली, उत्तर इटली. प्रत्येकात आधी एक सुंदर निबंध. फ्लॉरेन्सवरच्या पुस्तकात 'स्पर्शमूल्यं' ही कल्पना येते. चांगलं चित्र डोळ्यांना स्पर्शाचा भास देतं, जोत्तोच्या चित्रातला माणूस हाताला लागेल असं वाटतं, वगैरे. त्यावर एकेकाळी पुष्कळ चर्चा झाली. आता ते वाचताना मी पानं थोडी भराभर उलटतो. पुस्तकाचं खरं वजन शेवटी आहे. चित्रकाराचं नाव, त्याखाली गावांची नावं, गावाखाली चित्रं. कोरड्या याद्या, रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या छापलेल्या. युरोप-अमेरिकेतल्या दलालांनी निबंध किती वाचले देव जाणे, याद्या मात्र तोंडपाठ केल्या. यादीत असणं म्हणजे असणं.

त्यांची सगळ्यात धाडसी करामत १८९९ची. बोत्तिचेल्लीसारखी दिसणारी, पण त्याची नक्की नसलेली, काही देखणी चित्रं निरनिराळ्या ठिकाणी विखुरली होती. बेरेन्सननी ती नजरेसमोर एकत्र मांडली आणि जाहीर केलं, हा एक वेगळा चित्रकार आहे. नाव ठाऊक नाही. बोत्तिचेल्लीचं पाळण्यातलं नाव सान्द्रो, म्हणून याला म्हणू 'आमीको दी सान्द्रो', सान्द्रोचा मित्र. कागदोपत्री ज्याचा मागमूस नाही असा माणूस त्यांनी निव्वळ चित्रांमधून उभा केला, त्याला स्वभाव दिला, प्रभाव दिले, उमेदवारीची वर्षं दिली. जगाने मानलं. पुढे संशोधन होत गेलं तसं लक्षात आलं, असा माणूसच नव्हता. बहुतेक चित्रं तरुण फिलिप्पीनो लिप्पीची होती. आणि ज्यांनी मित्राला जन्म दिला त्या बेरेन्सननीच पुढे त्याला मोडीत काढला, चित्रं ज्याची त्याला परत केली.

यावर त्यांची टिंगल झाली, अजून होते. मला हा त्यांचा मोठेपणा वाटतो. चित्रांचा गट त्यांनी अचूक ओळखला होता, ती चित्रं एका हातची आहेत हे खरंच निघालं. चुकलं ते नाव. आणि चुकलं म्हटल्यावर स्वतःच्या हाताने खोडलं. हे करता आलं, कारण त्या खोडण्याने कुणाचं लाखाचं नुकसान व्हायचं नव्हतं.

आता पैशाकडे येतो. गार्डनरबाईंना संग्रह करायचा होता, बेरेन्सनना नजर होती. १८९६मध्ये त्यांनी बाईंसाठी तिशिअनचं 'युरोपा' मिळवलं, २० हजार पौंडांना. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी काढलेलं चित्र. बैलाचं रूप घेतलेला झ्यूस युरोपाला पाठीवर टाकून समुद्रातून निघालाय, ती कशीबशी शिंग धरून आहे. आजही बोस्टनला बाईंच्या संग्रहालयात आहे ते, आणि अमेरिकेतलं सर्वश्रेष्ठ तिशिअन म्हणून लोक त्याचं नाव घेतात. पारख शंभर नंबरी. पण व्यवहार? बाईंकडून दलाली ठरलेली, आणि चित्र विकणाऱ्या लंडनच्या पेढीकडूनही वाटा. दोन्हीकडून. बाईंना दुसरी बाजू ठाऊक नव्हती. त्यांच्या यजमानांना मात्र वास आला होता.

१९०७ साली फ्लॉरेन्सजवळ, सेत्तिन्यानोच्या खाली, 'ई तात्ती' नावाचा वाडा बेरेन्सननी विकत घेतला. बाग, ग्रंथालय, नोकरचाकर, जेवायला रोज पाहुणे. हा खर्च याद्या छापून निघत नाही. मग १९१२ साली जोसेफ दुवीन यांच्या पेढीशी करार झाला. दुवीन म्हणजे त्या काळातला सर्वात मोठा चित्रविक्रेता. युरोपात चित्रं आहेत आणि अमेरिकेत पैसा, एवढ्या एका ओळीवर त्यांचा संसार चालला होता. फ्रिक, मेलन, वायडनर, क्रेस ही गिऱ्हाइकं. बेरेन्सननी चित्राचा कर्ता कोण ते सांगायचं, आणि इटालियन चित्र विकलं की नफ्यातला २५ टक्के हिस्सा घ्यायचा. करार गुप्त. 'बेरेन्सन काय म्हणतात?' असं विचारणाऱ्या मेलनसाहेबांना हे ठाऊक असतं, तर प्रश्न त्याच सुरात विचारला असता का?

मग बेरेन्सननी पैशासाठी खोटं सांगितलं का? या एका प्रश्नावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. काही चित्रांच्या बाबतीत त्यांचं मत सोयीस्कर वेळी उदार झालेलं दिसतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळीच मतं विकाऊ होती असं म्हणायला आधार नाही. दुवीननी आणलेली किती तरी चित्रं त्यांनी नाकारली. मला वाटतं, नुकसान वेगळ्या जागी झालं. त्याकडे जाण्याआधी कोर्टात एक फेरी मारून येऊ.

१९२० साली कॅन्ससमधल्या आन्द्रे हान नावाच्या बाईंकडे 'ला बेल फेरोनिएर'ची एक प्रत होती. लिओनार्दोचं म्हणून ओळखलं जाणारं या नावाचं चित्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. हानबाईंचं म्हणणं, माझंच अस्सल. एका पत्रकाराने रात्री फोन करून दुवीनना विचारलं. ते चित्र न बघताच म्हणाले, नक्कल आहे. विक्री बारगळली, बाई कोर्टात गेल्या, ५ लाख डॉलर भरपाई मागितली. १९२३मध्ये हानबाईंचं चित्र पॅरिसला नेऊन लूव्ह्रच्या चित्राशेजारी ठेवलं आणि नामवंत जाणकारांना बोलावलं. बेरेन्सन दुवीनच्या बाजूने साक्षीला. उलटतपासणी झाली. लूव्ह्रमधलं चित्र आपण किती वेळा पाहिलंत? हजार वेळा. ते लाकडी फळीवर आहे की कापडावर? बेरेन्सन विचारात पडले. आठवत नाही, म्हणाले. वकील खूश. त्यावर बेरेन्सनचं उत्तर असं सांगतात की, शेक्सपिअरने सुनीतं कुठल्या कागदावर लिहिली असं विचारण्यासारखं आहे हे.

उत्तर झोकदार आहे. प्रेक्षकांत असतो तर मीही टाळी दिली असती. पण ते उत्तर चूक आहे. फळी की कापड, फळी पॉप्लरची की अक्रोडाची, वरचा थर कसला, यावरून चित्राचा मुलूख आणि काळ ठरायला मदत होते, आणि मोरेल्लींनी हे कधीच हसण्यावारी नेलं नसतं. दुसरं म्हणजे, लूव्ह्रमधल्या ज्या चित्राच्या बाजूने साक्ष चालली होती, ते लिओनार्दोचं मानायला बेरेन्सन स्वतःच पूर्वी नाखूश होते. वकिलाने तेही उकरून काढलं. १९२९ साली न्यूयॉर्कला खटला उभा राहिला. ज्यूरीचं एकमत होईना. पुन्हा खटला नको म्हणून दुवीननी ६० हजार डॉलर देऊन मिटवलं. २०१० साली ते हानबाईंचं चित्र लिलावात आलं, 'लिओनार्दोचा अनुयायी' अशा नोंदीने, आणि १५ लाख डॉलरला गेलं. म्हणजे दुवीन बरोबरच होते. तेव्हाच्या कोर्टाला मात्र एवढंच दिसलं की मोठमोठी माणसं 'आम्हाला दिसतं' म्हणतायत आणि का दिसतं ते सांगता येत नाही.

आता १९३७. इंग्लंडमधल्या लॉर्ड अॅलनडेल यांच्याकडचं 'मेंढपाळांचं वंदन' दुवीननी विकत घेतलं. हे चित्र जरा सावकाश बघू. फळीवरचं तैलचित्र, ९० बाय ११० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे फार मोठं नाही. उजवीकडे गुहेचं काळोखं तोंड, त्यासमोर मेरी, जोसेफ आणि जमिनीवर ठेवलेला बाळ येशू. बाळासमोर दोन मेंढपाळ. एक गुडघ्यावर, दुसरा उभा, कमरेत वाकलेला, अंगावरचे कपडे फाटके. सगळी माणसं चित्राच्या उजव्या अर्ध्यात जमलीत. आणि डावा अर्धा? तो नुसता निसर्ग. झाडं, पाणी, वाट, दूरवरचा निळा डोंगर, आणि सकाळच्या वेळचा तो प्रकाश. एवढा मोठा देव जन्मलाय आणि चित्रकाराने अर्धी फळी हवेला दिली.

हे जोर्जोनेचं, असं दुवीनना हवं होतं. मेलनच्या डोळ्यांपुढे तेव्हा वॉशिंग्टनचं राष्ट्रीय संग्रहालय होतं, आणि जोर्जोने मिळतो कुठे? बेरेन्सन म्हणाले, तरुण तिशिअन. दुवीननी विनवण्या केल्या, दडपण आणलं. बेरेन्सन हलले नाहीत. आणि २५ वर्षांची भागीदारी मोडली. मेलन त्याच वर्षी वारले. पुढच्या वर्षी क्रेस यांनी ते जोर्जोने म्हणून घेतलं, आज वॉशिंग्टनला त्याच नावाने टांगलेलं आहे.

बेरेन्सनचे चाहते ही गोष्ट त्यांच्या सचोटीचा पुरावा म्हणून सांगतात. पैसा गेला, मत सोडलं नाही. खरंय ते. पण एक वळसा बाकी आहे. आयुष्याच्या अखेरीला बेरेन्सननी आपलं मत बदललं, चित्र मुख्यतः जोर्जोनेचंच असं मानलं. म्हणजे ज्या मतापायी भागीदारी तुटली ते मतच कच्चं होतं. आणि हेच मला आज सांगायचंय. 'आमीको'ला त्यांनी बिनदिक्कत खोडलं. १९३७मध्ये मात्र मत बदलायला जागाच उरली नव्हती. 'हो' म्हटलं असतं तर विकला गेला म्हणाले असते, 'नाही' म्हटलं तर हट्टी. पुन्हा एकदा चित्रासमोर जाऊन निवांत उभं राहायचं आणि 'कदाचित' म्हणायचं, एवढी साधी सोय त्यांच्या आडनावाने काढून घेतली होती. ज्याच्या 'हो'वर कुणी लाखो डॉलर मोजलेत, त्याला 'कदाचित' परवडत नाही. आणि पारखीच्या कामात नव्वद टक्के 'कदाचित'च असतं.

१९३७ सालीच, हॉलंडमध्ये, असंच आणखी एक आडनाव फसलं. आब्राहाम ब्रेडिउस. रेम्ब्रांटची चित्रं आजही लोक ब्रेडिउसच्या क्रमांकाने ओळखतात, इतका अधिकार. वयाच्या ऐंशीनंतर त्यांच्यापुढे 'एम्माऊसचं भोजन' नावाचं चित्र आलं आणि त्यांनी ते सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरची उत्कृष्ट कृती म्हणून जाहीर केलं. रॉटरडॅमच्या संग्रहालयाने पाच लाखांवर गिल्डर मोजले. काढलं होतं हान फान मेगेरेन नावाच्या समकालीन चित्रकाराने, रंगात बेकेलाइटचं रसायन घालून आणि भट्टीत भाजून. १९४५ साली त्याला अटक झाली ती नाझी पुढारी गोअरिंगला व्हर्मीर विकला म्हणून, राष्ट्रद्रोहाच्या संशयावर. मान वाचवायला तो म्हणाला, अहो, तो मीच काढला! कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा पहाऱ्यात बसून त्याने आणखी एक 'व्हर्मीर' काढून दाखवला. ते एम्माऊसचं चित्र आज फोटोत बघा. चेहरे अगदी १९३० सालच्या सिनेमातले वाटतात. ब्रेडिउसना दिसलं नाही, कारण तेही १९३० सालातच राहत होते.

आपल्याकडे काय? आपल्याकडे मुंबईत कार्ल खंडालावाला होते. व्यवसायाने वकील, नानावटी खटल्यात नानावटींच्या बाजूने उभे राहिलेले. पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतल्या, लघुचित्रांवरचा त्यांचा ग्रंथ १९५८चा, आणि त्यांचा संग्रह आज म्युझियममध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, बघायला मिळतो. लघुचित्र हातात धरून हे कुठल्या दरबारचं, कुठल्या दशकातलं, हे सांगणारी ती पिढी. पण पहाडी चित्रं तरी बहुधा बिनसहीचीच, म्हणून सगळी वर्गवारी संस्थानांवरून. गुलेर शैली, बसोली शैली, कांगडा शैली.

मग १९६८ साली, मुंबईहून निघणाऱ्या 'मार्ग' या कला-नियतकालिकात, बी. एन. गोस्वामी यांचा लेख आला. त्यांनी प्रश्नच फिरवला. चित्रकार हिंदू होते ना? मग घरातल्या माणसाच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेले असणार. आणि गेले असतील तर पंड्याच्या बहीत नोंद असणार. आपले लोक त्र्यंबकेश्वराला गेले की उपाध्ये लांबलचक चोपडी काढून पणजोबांचं नाव आणि सही दाखवतात, तसंच. गोस्वामी हरिद्वारच्या बह्या चाळत बसले आणि पंडित सेऊ, त्याचे मुलगे मानकू आणि नैनसुख, त्यांची मुलं, नातवंडं असा अख्खा वंशवृक्ष बाहेर आला. शैली राजाच्या नसून घराण्याच्या होत्या. चित्रकाराचं कुटुंब जिथे गेलं तिथे शैली गेली. नैनसुखने तर १७६३ साली बहीत स्वतःच्या हाताने नोंद केलीय आणि शेजारी चित्रही काढलंय. ड्रेस्डेनच्या व्हीनसला मिकिएलचं टिपण मिळालं, तसं. पण गोस्वामींची नजर कच्ची असती तर बहीतली नावं कुठल्या चित्रांना लावायची, हे त्यांनाही कळलं नसतं. दोन्ही लागतं, आणि दोन्ही एका माणसात क्वचित सापडतं.

बेरेन्सनचं शेवटचं थोडं सांगतो आणि थांबतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य फ्लॉरेन्समध्ये आल्यावर, जन्माने ज्यू असल्यामुळे, त्यांना साधारण वर्षभर एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरी लपून राहावं लागलं. तेव्हा वय ७८. वाचले. आठवणी लिहिताना त्यांनी कबूल केलं की 'तज्ज्ञ' म्हणून मिळालेल्या कीर्तीने आपल्याला भलत्या वाटेला नेलं. १९५९ साली, ९४व्या वर्षी गेले. वाडा, पुस्तकं, चित्रं, सगळं हार्वर्डला दिलं. तिथे आज रेनेसाँसच्या अभ्यासाचं केंद्र चालतं.

त्या वाड्यात चित्रांच्या फोटोंचा प्रचंड साठा आहे. फोटो उलटा केला की मागे शेरे. कधी बेरेन्सनच्या अक्षरात, कधी मेरीबाईंच्या. एक नाव, मग ते खोडून दुसरं, वर प्रश्नचिन्ह. छापील यादीत जो माणूस ठाम दिसतो, तो फोटोच्या पाठीवर सारखा घुटमळताना दिसतो. ज्या चित्रांचा फोटो आहे पण चित्र सध्या कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही, अशांचा त्यांनी एक वेगळा गट ठेवला होता, 'बेघर' नावाचा. असे हजारो फोटो आता हार्वर्डने इंटरनेटवर सगळ्यांना बघायला ठेवलेत. ज्यांना या विषयाची खरोखर गोडी आहे त्यांनी याद्या नंतर वाचाव्यात, आधी हे फोटो बघावेत. कुणाच्या हातचं असेल ते स्वतः ठरवून बघा, आणि मगच पाठीमागचा शेरा वाचा.

वेळ झालीय. काही प्रश्न असतील तर विचारा.